हरभऱ्याएवढी ग्रंथी

गेल्या वर्षी भर वैशाखात आम्ही धर्मग्रामातील एका वस्तीवर घरभेटीसाठी गेलो होतो. एका वृद्ध माउलीने आम्हांस ओसरीवरच थांबविले. "फादर, सुनेला बाहेरचं झालंय. जरा पवित्र पाणी शिंपडा," ती हात जोडून म्हणाली. आत त्या उकाड्यातही सून गोधडी पांघरून बसली होती. वय तिशीच्या आतले; परंतु चेहरा फिकट, भुवया विरळ, बोलणे अतिशय संथ. तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात तिचा अतोनात रक्तस्राव झाला होता. तेव्हापासून तिची शक्ती गेली, मासिक पाळी पुन्हा आली नाही, केस गळू लागले. शेजारच्या बाया म्हणत, भानामती. घरचे म्हणत, आळस.

आम्ही प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले आणि परतलो. तेवढ्यावरच थांबलो, ही आमची चूक होय. पुढे दवाखान्यात सेवा करणाऱ्या एका धर्मभगिनीस हा वृत्तांत सांगितला, तेव्हा तिने प्रथम एवढेच विचारले, "फादर, त्या बाईच्या अंगावर दूध आलं होतं का?" आम्ही चौकशी केली. दुधाचा थेंबही आला नव्हता. त्या एका प्रश्नात रोगाची दिशा होती, आणि ती दिशा गावाच्या वेशीकडे नव्हे, तर मेंदूच्या तळाकडे जात होती.

वाचकहो, परमेश्वराच्या या अद्‌भुत रचनेचा थोडा परिचय करून घेऊ. माणसाचा मेंदू सुमारे 1300 ते 1400 ग्रॅम वजनाचा असतो. वरचा घड्यांघड्यांचा भाग तो मोठा मेंदू. विचार, स्मृती, वाणी व हालचालीची इच्छा ही त्याची कामे. मागे खालच्या बाजूस लहान मेंदू. तो शरीराचा तोल सांभाळतो. या दोहोंना मज्जारज्जूशी जोडणारा देठ श्वास आणि हृदयाची गती राखतो. मोठ्या मेंदूच्या खाली, अगदी मध्यभागी, जेमतेम चार ग्रॅमचा एक भाग आहे. त्याला डॉक्टर हायपोथॅलॅमस म्हणतात. भूक, तहान, झोप, अंगाची ऊब यांची देखरेख त्याच्याकडे आहे. त्याच्याच खाली, कवटीच्या हाडातील लहानशा खोबणीत, देठाला लोंबणारी पोषग्रंथी वसते. आकार भिजल्या हरभऱ्याएवढा. वजन सुमारे अर्धा ग्रॅम.

हायपोथॅलॅमस आपले आदेश पोषग्रंथीकडे कसे धाडतो? बिदरजवळच्या नौबादचा कारेझ आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. बहामनी काळातील तो भुयारी पाट वरून दिसत नाही, पण जमिनीखालून पाणी पोहोचवितो. तसेच सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे एक गुप्त जाळे या देठातून उतरते. हायपोथॅलॅमसने सोडलेले रासायनिक निरोप त्यातून पोषग्रंथीच्या पुढच्या भागात येतात. मग ती ग्रंथी आपली संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन, रक्तात सोडते. एक गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला जागे करते, दुसरे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना, तिसरे स्त्रीच्या बीजकोशांना, चौथे मातेच्या स्तनांत दूध निर्माण करते. थायरॉइडचा स्राव पुरेसा झाला की ती वार्ता रक्तातूनच वर पोहोचते आणि मेंदू आदेश आवरता घेतो. धरणात पाणी वाढले की दरवाजे उघडावे, उतरले की मिटावे, असाच हा व्यवहार रात्रंदिवस चालतो.

हे निरोप म्हणजे नेमके काय, हे शोधण्यासाठी रॉजर गीयमॅं यांनी लक्षावधी मेंढ्यांच्या, तर अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या मेंदूतील हा तुकडा गोळा करून वर्षानुवर्षे तपासला. थायरॉइडसंबंधीचा निरोप 1969 साली उकलला आणि 1977 साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या माळावर चरणाऱ्या मेंढरांच्या डोक्यातही तेच रहस्य दडलेले आहे, हे ध्यानी आले की मन थक्क होते.

आता त्या सुनेकडे वळू. गरोदरपणी पोषग्रंथी फुगून मोठी होते, परंतु तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. प्रसूतीच्या वेळी रक्त फार वाहून गेले व रक्तदाब एकदम घसरला, तर त्या नाजूक वाहिन्यांत रक्त पोहोचत नाही आणि ग्रंथीचा पुढचा भाग मरून जातो. इंग्लंडातील डॉक्टर हॅरॉल्ड शीहान यांनी 1937 साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. आदेश देणारीच गेल्यावर थायरॉइड, अधिवृक्क, बीजकोश, सारेच स्वस्थ बसतात. थंडी, थकवा, कोरडे अंग, बंद पाळी ही त्याचीच फळे. त्यात न भानामती, न आळस.

यावर उपाय आहे. रक्ततपासणी करून डॉक्टर उणी पडलेली संप्रेरके गोळ्यांनी भरून देतात. आधी अधिवृक्क ग्रंथीचे, मग थायरॉइडचे, हा क्रम महत्त्वाचा. उलट केल्यास जीव धोक्यात येतो. म्हणून कोणी कुणाच्या गोळ्या उसन्या घेऊ नयेत. आमची ती भगिनी औषधाने चार महिन्यांत पुन्हा शेतावर जाऊ लागली. पण "आता बरं वाटतंय" म्हणून घरच्यांनी गोळ्या थांबविल्या, आणि साध्या तापात ती बेशुद्ध पडली. कलबुर्गीस वेळेवर नेले म्हणून वाचली. या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात. ताप आला तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार वाढवावयाच्या असतात, बंद कधीच करावयाच्या नसतात.

आपल्या सीमाभागात दुखणे न कळले की भानामतीचे नाव निघते, आणि कुण्या गरीब विधवेवर संशय येतो. कर्नाटकाच्या विधानमंडळाने 2017 साली अशा अमानुष प्रथांविरुद्ध कायदा संमत केला. पवित्र ख्रिस्तसभेचीही शिस्त कडक आहे. विधिसंहितेच्या 1172 व्या कलमानुसार बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणीही भूतनिरसनाचा विधी करू शकत नाही, आणि आधी आजार तर नाही ना, हे पाहणे आवश्यक मानले आहे. बेन सिराखच्या ग्रंथाच्या 38 व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, प्रार्थनाही सांगितली आहे. दोन्ही एकत्र, एकाच्या जागी दुसरे नव्हे.

तेव्हा मातांनो, सासवांनो, एवढे ध्यानी ठेवा. प्रसूती दवाखान्यातच होऊ द्या. रक्तस्राव वेळीच थांबला तर हा विकार सहसा होत नाही. फार रक्त गेल्यावर दूध आले नाही, पाळी परतली नाही, थकवा सरेना, तर सुनेला बोल लावू नका. बिदर वा कलबुर्गीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या आणि बाळंतपणातील रक्तस्रावाची हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री भेटते. गर्दीत लपून आलेल्या तिला प्रभू येशूने दोष दिला नाही. मुलगी म्हणून हाक मारली. आपल्या ओसरीवर गोधडी पांघरून बसलेल्या सुनेलाही त्याच शब्दाने हाक मारू या, आणि मग बैलगाडी असो वा जीप, जे मिळेल ते जोडून दवाखान्याची वाट धरू या.