उप्पागे : कालवणातले आणि गोळीतले

आमच्या जोयडा तालुक्याच्या रानात भिरंडाचा एक पिवळा भाऊबंद वाढतो. कानडीत त्याला उप्पागे म्हणतात. फळ पावसाळ्यात पिकते, म्हणून त्याची साल चुलीच्या धगीवर वाळवावी लागते. केरळात ती माशाच्या कालवणात घालतात. हा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा, असे १९६५ साली लुईस व नीलकंठन यांनी दाखवले.

शरीरात साखरेची चरबी करणाऱ्या एका विकराला हे आम्ल अडवते. एवढ्यावरून वजन उतरवण्याच्या गोळ्या निघाल्या आणि आपल्या जिल्ह्यातली साल परदेशी जाऊ लागली. परंतु १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, तेव्हा औषध नसलेल्या गोळीपेक्षा हिचा अधिक गुण दिसला नाही. उलट पुढे अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी झाल्या.

मित्रहो, कालवणातल्या दोन सालींना भिण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र अर्क काढून गोळी केली की मात्रा बदलते. मग ‘रानातलेच आहे, अपाय कसला?’ हे म्हणणे टिकत नाही. डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊ नये; यकृताचा विकार असेल, तर नकोच.