तारा आल्या, दुसरा रूळ केव्हा?

२० जून २०२२ रोजी बंगळूर येथील समारंभात पंतप्रधानांनी कोकण रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकृत मार्गाचे राष्ट्रार्पण केले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा हा लोहमार्ग डिझेलच्या धुरातून मुक्त झाला, ही गोष्ट लहान नव्हे. ९१ बोगदे, अथांग खाड्यांवरील पूल, वर्षातील चार महिने अखंड कोसळणारा पाऊस आणि खारी हवा, अशा प्रदेशात पंचवीस हजार व्होल्टची तार ओढणे हे अभियांत्रिकीचे अवघड काम होते आणि ते पार पडले. तथापि त्या दिवसापासून कोकणात एक समज दृढ होत गेला आहे, की या मार्गाचे आधुनिकीकरण आता बहुतांशी पूर्ण झाले. हा समज तपासून पाहिला पाहिजे. कारण तारा आल्या, तरी त्यांच्याखालचा रूळ जवळजवळ सर्वत्र एकच राहिला आहे.

पार्श्वभूमी

कोकणात रेल्वे यावी ही मागणी कितीतरी जुनी. अ. बा. वालावलकरांसारख्या कार्यकर्त्यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले, बॅ. नाथ पै यांनी ती संसदेत मांडली. दिव्याहून निघालेला रूळ रोह्याला पोहोचायला १९८६ साल उजाडले. १९८९ मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री झाले आणि हा योग जुळून आला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. केंद्राचे ५१ टक्के आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ या राज्यांचे उरलेले भांडवल, शिवाय लोकांकडून रोख्यांद्वारे उभारलेला पैसा, अशी ही नवी व्यवस्था होती. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग प्रवाशांना खुला झाला.

बांधणाऱ्यांनी तेव्हा काटकसर केली, पण ती कोठे करावी आणि कोठे करू नये याचा विवेक ठेवला. चढ १५० फुटांस एक फुटापेक्षा तीव्र ठेवला नाही, वळणे सौम्य ठेवली, मार्गाची आखणी ताशी १६० किलोमीटर वेगाच्या हिशेबाने केली. काटकसर झाली ती रुळांच्या संख्येत. बोगदे एकाच रुळाचे, पूल एकाच रुळाचे. त्या वेळच्या तिजोरीकडे पाहता तो निर्णय चुकला असे म्हणता येणार नाही. दुहेरी मार्गाचा आग्रह धरला असता, तर कदाचित एकेरी मार्गही झाला नसता. पण पहिल्या पिढीने पदरात पडेल ते घेतले, म्हणून पुढच्या पिढीनेही तेवढ्यावरच थांबावे असा त्याचा अर्थ होत नाही.

तारेने काय साधले?

डिझेल इंजिन हे वस्तुतः चाकांवरचे वीजघर असते. ते स्वतःच वीज निर्माण करते आणि त्या विजेवर चाके फिरवते. म्हणजे गाडीबरोबर वीजघरही ओढायचे आणि त्याचे इंधनही. विजेच्या इंजिनाला हे ओझे नसते. त्यामुळे आपल्याकडच्या साडेचार हजार अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाच्या जागी सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीचे विजेचे इंजिन जोडता येते. गाडी लवकर वेग घेते, चढावर दमत नाही, आणि आधुनिक इंजिन ब्रेक लावताना काही वीज तारेत परतही करते. इंधनखर्चात वर्षाला दीडशे कोटींच्या घरात बचत होईल असा अंदाज सांगितला गेला होता. एकीकडे मुंबई आणि दुसरीकडे केरळ यांच्यामध्ये इंजिन बदलण्याचा खोळंबाही संपला.

महाराष्ट्राला हे सारे नवे नाही. देशातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. त्यानंतर थोड्याच वर्षांत बोरघाटावर तारा चढल्या आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. मुंबई-पुणे प्रवासाचे जे रूप आपण गृहीत धरतो ते केवळ विजेचे फळ नाही, हे मात्र आपण विसरतो. त्या घाटात एकाहून अधिक रूळ होते. वीज आणि रूळ यांची ती जोडी होती. कोकणात जोडीतील एकच भिडू आला आहे.

एकेरी मार्गाचे गणित

एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरून येणारी गाडी पुढच्या स्थानकात बाजूच्या रुळावर थांबलेली असली पाहिजे. यालाच रेल्वेच्या बोलीत क्रॉसिंग म्हणतात, आणि कोकणच्या प्रवाशाला या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मार्गाची क्षमता मोजण्याचे एक जुने सूत्र भारतीय रेल्वे वापरीत आली आहे. दिवसाची १४४० मिनिटे घ्यावीत. सर्वांत लांब टप्पा ओलांडण्यास मंद गाडीला लागणारा वेळ आणि सिग्नलव्यवहाराचा वेळ यांच्या बेरजेने त्यांना भागावे, आणि येणाऱ्या संख्येचे सत्तर टक्के धरावेत. समजा, हा टप्पा २० मिनिटांचा आहे आणि सिग्नलव्यवहाराला ५ मिनिटे लागतात. उत्तर येते दिवसाला सुमारे ४० गाड्या, दोन्ही दिशांच्या मिळून. आता विजेच्या इंजिनाने हाच टप्पा १८ मिनिटांत कापला असे धरा. संख्या ४३ वर जाते. म्हणजे तारेने तीन-चार गाड्यांची सोय होते. याउलट टप्प्याच्या मध्यावर एक नवे क्रॉसिंग स्थानक बांधून तो १० मिनिटांचा केला, तर संख्या ६७ पर्यंत चढते.

ही उदाहरणादाखल घेतलेली संख्या आहे, पण तिच्यातून दिसणारे प्रमाण बोलके आहे. कोकण रेल्वेने कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे यांसारखी नवी क्रॉसिंग स्थानके उभारली ती याच हिशेबाने, आणि ते शहाणपणाचे काम झाले. परंतु त्यालाही मर्यादा आहे. क्रॉसिंगची जागा वाढली म्हणजे अधिक गाड्या सोडता येतात. प्रत्येक गाडीला अधिक ठिकाणी थांबावे लागते ते टळत नाही. गाड्या वाढतात, प्रवास मात्र आखडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या तर दुसऱ्या रुळाला पर्याय नाही.

शिवाय वेगवान गाडी ही एकेरी मार्गावर इतर गाड्यांच्या वेळेची मोठी गिऱ्हाईक असते. जून २०२३ मध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. तिचे स्वागतच आहे. पण तिला वाट देण्यासाठी कोणीतरी बाजूला उभे राहावेच लागते. वेळापत्रकाच्या उतरंडीत सर्वांत खाली असते ती सर्व स्थानकांवर थांबणारी पॅसेंजर. ती रोजच्या कामाची गाडी आहे. चिपळूणहून रत्नागिरीला कचेरीत जाणारा कारकून, कणकवलीहून कुडाळला शिकण्यास जाणारा विद्यार्थी, तालुक्याच्या रुग्णालयात आईला नेणारा शेतकरी यांची ती गाडी. लोहमार्ग दाराशी असूनही कोकणी माणसाने नोकरी-शिक्षणासाठी मुंबईच गाठावी, यामागे अनेक कारणे आहेत. भरवशाची स्थानिक गाडी नसणे हे त्यांतील एक. गणेशोत्सवात जादा गाड्या सुटतात तेव्हा नेहमीच्या गाड्यांचे काय होते, हे चाकरमान्यांना ठाऊक आहे. रस्त्याची तऱ्हा काय सांगावी? २०११ मध्ये हाती घेतलेले मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले. तेव्हा हा भार रेल्वेवरच येतो.

खर्च आणि सुरक्षितता

मग दुसरा रूळ का होत नाही? उत्तर पैशात आहे. संपूर्ण मार्गाच्या विद्युतीकरणास सुमारे १,२८७ कोटी रुपये लागले; म्हणजे किलोमीटरला पावणेदोन कोटी. रोहा ते वीर या ४६.८ किलोमीटरचे दुहेरीकरण ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाले, त्याला सुमारे ५३० कोटी लागले. म्हणजे किलोमीटरला सव्वाअकरा कोटी. एका किलोमीटरच्या दुसऱ्या रुळाच्या पैशात सहा किलोमीटर तारा ओढता येतात. शिवाय रोहा-वीर हा मार्गाचा सोपा भाग. त्यापुढे सह्याद्रीच्या सोंडा आडव्या येतात. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि सर्व बोगद्यांची मिळून लांबी सुमारे ८४ किलोमीटर. दुसरा रूळ म्हणजे त्यांच्या शेजारी, चालू वाहतुकीला धक्का न लावता, दुसरे बोगदे. म्हणूनच तार सर्वत्र गेली आणि दुसरा रूळ एकूण लांबीच्या सहा टक्क्यांवर थांबला.

तरीही हा खर्च केवळ वेळ वाचविण्यापुरता मोजू नये. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेल्या अपघातात पन्नासावर माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसवर तोच प्रसंग आला. त्यानंतर डोंगरउतारांवर जाळ्या बसल्या, पावसाळ्यात वेग कमी ठेवणारे स्वतंत्र वेळापत्रक काटेकोर झाले, गस्त वाढली. हे सर्व आवश्यकच होते. परंतु ऑगस्ट २०२० मध्ये पेडणे येथील बोगद्याची भिंत कोसळली तेव्हा महिनाभराहून अधिक काळ लांब पल्ल्याच्या गाड्या पुणे-मिरज-लोंढा अशा वळशाने न्याव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ दरड आली आणि पुन्हा वाहतूक ठप्प झाली. शेजारी दुसरा स्वतंत्र बोगदा असता तर पेडण्याला निदान एका रुळावरून गाड्या चालल्या असत्या. उघड्या उतारावर मात्र एकच दरड दोन्ही रूळ बुजवू शकते, हेही विसरू नये. म्हणजे दुहेरीकरण हा दरडींवरचा उतारा नव्हे. पण जिथे ते नवा डोंगर फोडून वेगळ्या वाटेने जाते, तिथे तो पर्यायी मार्ग असतो.

विरोधाचा धडा

दुसऱ्या रुळाला विरोध होऊ शकतो, याचे उदाहरण जवळच आहे. तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे या दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या मार्गाच्या दुहेरीकरणाविरुद्ध गोव्यातील जनता २०२० मध्ये रस्त्यावर उतरली. हा रूळ प्रवाशांसाठी नसून मुरगाव बंदरातील कोळशासाठी आहे, असा त्यांचा आक्षेप होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यातील या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. तो मार्ग वेगळा, परिस्थितीही वेगळी. पण धडा सर्वांना लागू आहे. रूळ कोणासाठी, हे लोकांना अगोदर सांगितले पाहिजे. कोकण रेल्वेसाठी १९९० नंतर सुमारे ४२ हजार जमीनमालकांची जमीन घेतली गेली. त्यांच्या मुला-नातवांकडे पुन्हा जमीन मागताना, तिच्यावरून त्यांना घेऊन जाणारी किती गाडी धावेल याचा लेखी हिशेब द्यावा लागेल.

पुढची वाट

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करण्यास अन्य तीन राज्यांमागोमाग महाराष्ट्र शासनानेही २०२५ मध्ये अटींसह संमती दिली; त्यांतील एक अट ‘कोकण रेल्वे’ हे नाव राखण्याची आहे. नावाचा अभिमान योग्यच. परंतु विलीनीकरणाचे खरे कारण पैसा आहे. स्वतःच्या उत्पन्नावर आणि कर्जावर चालणाऱ्या महामंडळाला डोंगरातून दुसरा रूळ नेणे झेपणार नाही. केंद्राच्या अर्थसंकल्पाला ते झेपेल. त्यात धोकाही आहे. आज बेलापूरला कोकणापुरता विचार करणारे कार्यालय आहे. उद्या हा मार्ग तीन-चार विभागांच्या शेपटांत वाटला गेला, तर त्याला वाली उरणार नाही. तेव्हा नावाइतकाच आग्रह तीन गोष्टींचा धरावा: मार्ग एकाच प्रशासनाखाली राहावा, दुहेरीकरणाचा टप्पेवार कार्यक्रम तारखांसह जाहीर व्हावा, आणि वाढलेल्या क्षमतेचा निश्चित वाटा स्थानिक गाड्यांना मिळावा.

संपूर्ण ७४० किलोमीटर एकदम दुहेरी करा, ही मागणी ऐकायला गोड आहे. ती मान्य होणार नाही आणि तिच्या आड काहीच न होण्याची सोय मात्र होईल. बोगदे कमी असलेले टप्पे प्रथम घ्यावेत, जेथे गाड्या सर्वाधिक खोळंबतात असे भाग त्यानंतर, आणि जुने बोगदे जेथे कमकुवत आहेत तेथे दुरुस्तीच्या खर्चाशी तुलना करून नवे बोगदे खणावेत. वीस-पंचवीस किलोमीटरचा दुहेरी तुकडा जरी योग्य जागी झाला, तरी तेथे दोन गाड्या न थांबता एकमेकींना ओलांडतात, आणि त्याचा लाभ सबंध मार्गाला होतो.

विद्युतीकरण लवकर झाले, कारण ते तुलनेने स्वस्त होते आणि देशभर त्याचा एकच धडाका चालू होता. दुहेरीकरणाला तसा ओघ मिळणार नाही. त्यासाठी चार राज्यांच्या लोकप्रतिनिधींना एकत्र बसून, दर अर्थसंकल्पात, सतत मागणी करावी लागेल. नाथ पै आणि दंडवते यांनी पहिल्या रुळासाठी ती चिकाटी दाखविली. दुसऱ्या रुळासाठी ती कोण दाखविणार, हा प्रश्न कोकणच्या मतदाराने आपल्या प्रतिनिधीला विचारावयास हवा.