टायर शर्यतीचा, रस्ता कोथरूडचा

परवा मोटरसायकलचा मागचा टायर बदलला आणि जुना टायर गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवला. आमच्या कन्येने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्या डोक्याकडे पाहिले आणि निकाल दिला, "बाबा, दोघांचं अगदी सारखं आहे. मधे साफ, कडेला भरघोस!"

विनोद माझ्या जिवावर झाला, पण निरीक्षण बिनचूक होते. पाच हजार आठशे किलोमीटर चाललेल्या त्या टायरच्या दोन्ही कडांचा बोटभर रुंदीचा पट्टा दुकानातून आणला तसाच चकचकीत होता. त्याला रस्ता म्हणून कधी लागलाच नव्हता. मधला भाग मात्र घासून सपाट झाला होता. जो टायर वळणावर जमिनीशी सलगी करण्यासाठी घडवला गेला, त्याचे सारे आयुष्य पौड फाट्याच्या सिग्नलला ताठ उभे राहण्यात गेले. या चुकीची किंमत आमच्या घरात पैशांपेक्षा जास्त मोजावी लागली, म्हणून हा लेख.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी तीनशे सी. सी.हून थोडी मोठी मोटरसायकल घेतली. या वयात माणसे गुडघ्याचे डॉक्टर शोधतात, असे सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. पण कॉलेजात असताना दुसऱ्याच्या मोटरसायकली पुसून दिवस काढलेल्या माणसाला काय वाटते, हे ज्याचे त्याला ठाऊक. गाडीबरोबर आलेले टायर दोन वर्षे निमूट चालले. ते झिजल्यावर मी दुकानात गेलो, आणि तिथे माझी अक्कल दुकानदाराच्या स्वाधीन केली.

"साहेब, हा रेसचा माल. रस्त्याला नुसता चिकटतो," दुकानदार म्हणाला. टायरवर खाचा अगदी मोजक्या होत्या, कडेला तर नव्हत्याच. मी पावसाचे विचारले, तर म्हणाला, "पावसात कोण पळवतं?" हवाही त्याने मुद्दाम कमी भरली. म्हणे, त्याने पकड वाढते. दोन टायरांच्या पैशात कपडे धुण्याचे यंत्र आले असते, हे सौभाग्यवतींनी त्या दिवशी एकदाच बोलून दाखवले. पुढे वर्षभर नुसते बघून दाखवले.

डिसेंबरातली गोष्ट. सकाळचे सव्वासहा, कन्येचा क्लास सातला. रात्रीचे दव रस्त्यावर तसेच होते. घरापासून अर्धा किलोमीटरही गेलो नसू. कर्वे पुतळ्याच्या अलीकडच्या एका वळणावर मी रोजच्याइतकीच गाडी कलवली, किंचित अ‍ॅक्सिलरेटर दिला, आणि मागचे चाक जणू कुणी पायाने बाजूला सारावे तसे सरकले. वेग पंचवीस-तीसचा असेल. माझे तळहात सोलवटले. तिचे डावे मनगट मोडले. पुढे चार आठवडे प्लास्टर. रस्त्यावर बसल्या बसल्या तिने पहिला प्रश्न विचारला तो, "बाबा, गाडीला काही लागलं का?" हा प्रश्न अजून माझ्या कानात आहे. घरी सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. कन्येचे हेल्मेट मात्र त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या गाद्यांमागे ठेवून दिले.

दोष कुणाचा? थंड टायर, दव आणि माझी घाई या तिघांनी मिळून ते काम केले होते. त्यांतल्या थंड टायरचा वाटा मला समजावला आमच्याच इमारतीतल्या अप्पांनी. अप्पांची सारी नोकरी टायरच्या कारखान्यात, रबराच्या प्रयोगशाळेत गेली. ते खाली आले, गाडीपाशी उकिडवे बसले, टायरमध्ये अंगठ्याचे नख रोवून पाहिले आणि म्हणाले, "टायर उत्तम आहे हो. पण तुमच्यासाठी नाही. याला जागं व्हायला जेवढी ऊब लागते, तेवढी तुमच्या ऑफिसच्या रस्त्यात मिळायची नाही."

रबर रस्त्याला धरते ते दोन प्रकारे. एक तर ते खडीच्या कणांना प्रत्यक्ष चिकटते. दुसरे म्हणजे ते त्या कणांच्या उंचसखल भागात दाबले जाऊन शिरते, आणि बाहेर पडताना आळसावून, सावकाश पूर्ववत होते. या आळसातच पकड आहे. पण त्यासाठी रबर पुरेसे मऊ हवे, आणि मऊपणा तापमानावर अवलंबून. थंडीने रबर कसे निर्जीव होते याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग टायरचा नव्हेच. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर फुटले. त्याच्या चौकशीत शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी यानातल्या रबरी कड्याचा तुकडा चिमटून बर्फाच्या पाण्यात बुडवला, आणि बाहेर काढल्यावर तो चटकन पूर्ववत होत नाही हे सर्वांसमक्ष दाखवले. माझ्या टायरला बर्फ लागला नव्हता हे खरे. पण जात तीच.

शर्यतीच्या मैदानावर टायरला सुरुवातीपूर्वीच विजेची दुलई गुंडाळून ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापवतात, आणि पुढे जोरकस ब्रेक आणि वळणे ती ऊब टिकवून धरतात. रस्त्यावर विकले जाणारे स्पोर्ट टायर इतके नाजूक नसतात, हे अप्पांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्यांना कमी ऊब चालते. तरी ओढा तिकडचाच. अप्पांकडे लांबून तापमान मोजायचे यंत्र आहे. जानेवारीच्या एका सकाळी आम्ही मोजले. निघताना टायर चौदा अंश, बारा किलोमीटर शहरातून रखडत गेल्यावर एकोणतीस. अप्पा म्हणाले, "चहासुद्धा याहून गरम पितो आपण."

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर एक हिशेब मांडला, तो मला फार आवडला. गाडी आणि स्वार मिळून वजन धरा दोनशे चाळीस किलो. त्यातले एकशे तीस मागच्या चाकावर. टायरात हवेचा दाब बत्तीस पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. तर जमिनीला टेकलेला भाग किती? एकशे तीस भागिले सव्वादोन, सुमारे अठ्ठावन्न चौरस सेंटिमीटर. अप्पांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला (रमी हा त्यांचा दुसरा विषय) आणि इस्पिकचा राजा जमिनीवर ठेवला. "हा एक मागं, असाच एक पुढं. दोन पत्त्यांवर तुमचा संसार चाललाय." त्या दिवसापासून वळणावर मला इस्पिकचा राजा दिसतो.

हवा भरलेला टायर मुळात एका बापाच्याच खटपटीतून लोकप्रिय झाला. कल्पना जुनी, रॉबर्ट थॉमसनचे पेटंट १८४५ चे. पण ती विस्मरणात गेली होती. बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेच्या रबरी नळ्या बसवल्या आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. मुलाला दगडी रस्त्यावर धक्के बसू नयेत एवढाच हेतू होता. मीही बापच, पण मी धक्क्याऐवजी ऐट पाहिली.

मोडलेले मनगट जुळून आल्यावरही मी ते टायर लगेच टाकले नाहीत. पैसे घातले होते ना! आणि खरे सांगायचे तर त्यांच्यावर अन्यायही करायचा नव्हता. मे महिन्यात एकदा भर दुपारी वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीला गेलो. डांबर तापलेले, रस्ता कोरडा, वळणामागून वळण. तेव्हा त्या टायरांनी जे दाखवले ते शब्दांत सांगणे अवघड आहे. गाडी वळत नव्हती, वळणात ओघळत होती. दुकानदार खोटे बोलला नव्हता, हे मला तिथे उमगले. त्याने फक्त माझा पत्ता विचारला नव्हता.

कारण पसरणी वर्षातून एकदा. रोज असते ते कोथरूड ते पिंपरी. सरळ रस्ता, उभी गाडी, दर अर्ध्या किलोमीटरला ब्रेक. असा रोजचा प्रवास टायरचा मधलाच भाग खातो, आणि मऊ रबर तर भराभर खातो. चार हजार किलोमीटरांनंतर गोलाई जाऊन मधे सपाटी आली. मग गाडी कलवताना ती आधी हटून बसे आणि सपाटीची कड ओलांडली की एकदम कोसळल्यासारखी झुके. ज्या गुणासाठी टायर घेतला तोच गुण रोजच्या वापराने मारला. तरुण मंडळींत कडेच्या न झिजलेल्या पट्ट्याला 'चिकन स्ट्रिप' म्हणतात, म्हणजे भित्रेपणाची पट्टी. ती दिसू नये म्हणून काही जण कडा पॉलिश पेपरने घासतात, असे ऐकून मी थक्क झालो. केस असताना डोके भादरणारे लोक जगात आहेत तर!

जूनमध्ये पहिला पाऊस आला आणि माझी उरलीसुरली हौस फिटली. महिनोन् महिने साठलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीत एकत्र कालवली जातात, आणि रस्त्यावर साबणासारखा थर होतो. त्यात झेब्रा पट्ट्यांचा रंग, गटाराची लोखंडी झाकणे, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक. दुचाकीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी असल्यामुळे मुंबईला जायचे तर पावसात खंडाळ्याचा जुनाच घाट. खाचांचे काम टायरखालचे पाणी बाहेर काढण्याचे, आणि माझ्या टायरला खाचा होत्या नव्हत्याशा. अप्पांनी पुन्हा कागद घेतला. ताशी साठच्या वेगात ब्रेक मनात येऊन हातात उतरेपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी सतरा मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्यावर चांगली पकड धरली तर थांबायला अठरा मीटर, ओल्यावर अठ्ठावीस. मधले दहा मीटर म्हणजे समोरची अख्खी बस.

"पण माझ्या गाडीला ए. बी. एस. आहे की," मी म्हणालो. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे सव्वाशे सी. सी.वरच्या सर्व नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले. अप्पा हसले. "ते चाक अडकू देत नाही. पकड ते कुठून आणणार? पकड पत्त्याएवढीच."

कमी हवेचे कोडेही त्यांनीच सोडवले. मैदानावर टायर तापून दाब वाढतो, म्हणून तिथे थंड असताना कमी भरतात. माझा टायर तापतच नव्हता, त्यामुळे कमी हवेने गाडी फक्त लडबडत होती. पुस्तकात दिलेला दाब भरायचा आणि तोही गाडी चालवण्याआधी, थंड टायरात, एवढाच नियम. मी आता स्वतःचे गेज बाळगतो. दोन पंपांवरच्या काट्यांत तीन पौंडांचा फरक पाहिल्यापासून माझा पंपाच्या काट्यावरचा विश्वास उडाला आहे.

मग यावर उपाय काय? उपाय टायरवाल्यांनीच फार पूर्वी काढला आहे. टायर काळा दिसतो तो त्यातल्या काजळीमुळे. काजळीने रबर चिवट होते. पण काजळीच्या जोडीला वाळूच्याच जातीची बारीक सिलिका मिसळली, तर रबर थंडीत लवचिक राहते आणि ओल्या रस्त्याला अधिक धरते. शिवाय एकाच टायरात मधे टणक आणि कडेला मऊ अशी दोन मिश्रणे घालता येतात, म्हणजे ऑफिसचा रस्ता मध्यावर आणि पसरणी कडेवर. अशा टायरांना स्पोर्ट टूरिंग म्हणतात. नाव मिळमिळीत वाटते, म्हणून ऐटबाज गिऱ्हाईक पुढे सरकते. पण होसूरच्या टी. व्ही. एस. कंपनीने आपल्या अपाची आर. आर. ३१० या शर्यती तोंडवळ्याच्या गाडीला २०२० मध्ये मिशेलिनचे रोड ५ हे टायर दिले, ते याच जातीचे. गाडी बनवणाऱ्यांना जे पटले ते पटायला मला एक हिवाळा आणि एक पावसाळा लागला.

या खेपेला दुकान दुसरे होते आणि बरोबर अप्पा होते. त्यांनी दुकानदाराला बोलू न देता टायरची बाजू वाचून काढली. ११०/७० आणि १५०/६० ही मापे, ५४ आणि ६६ हे भाराचे आकडे, म्हणजे पुढच्याला दोनशे बारा किलो आणि मागच्याला तीनशे. मग शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन सालाचे. पहिली जोडी त्यांनी परत केली, ती अडीच वर्षे गोदामात पडलेली निघाली. दुसरी घेतली. माझ्या जुन्या टायरचे हे चार आकडे मी कधी पाहिलेच नव्हते. घरी येऊन पाहिले. काय निघाले ते सौभाग्यवतींना सांगितलेले नाही, इथेही सांगत नाही.

नवा टायर गुळगुळीत असतो, त्याचा वरचा थर घासला जाईपर्यंत पहिले शंभर किलोमीटर बेताने जावे लागते. चार दिवस मी एकटाच, म्हाताऱ्यासारखा गेलो. पाचव्या दिवशी सकाळी खाली गाडी काढत होतो, तोच कन्या जिन्यावरून उतरली. हातात हेल्मेट. गाद्यांमागून ते कुणी काढून दिले असेल, हे मी विचारले नाही. वर गॅलरीत कुणीतरी उभे होते.

कन्येने वाकून मीटर वाचला. जुना आकडा तिने टायर बदलल्या दिवशीच वहीत लिहून ठेवला होता. मनातल्या मनात वजाबाकी केली.

"एकशे सात," ती म्हणाली, आणि हेल्मेटचा पट्टा लावू लागली.