चार वर्षांच्या अनुभवाची अट
जुलै २०२०. सेबास्तियान रामिरेझ या कोलंबियाच्या प्रोग्रॅमरने नोकरीची एक जाहिरात पाहिली. अट होती, ‘फास्टएपीआय’वर कामाचा किमान ४ वर्षांचा अनुभव.

पंचाईत अशी, की पायथन भाषेतलं हे साधन त्यानेच घडवलेलं, तेही दीडएक वर्षापूर्वी! जन्मदाताच अपात्र ठरला. त्याने हे ट्विटरवर सांगितलं आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांत हशा पिकला.

अशा चुका होतात कशा? अनेकदा जाहिरात लिहिणाऱ्याला ते तंत्रज्ञान ठाऊकच नसतं. जुन्या मसुद्यात नाव बदलतं, वर्षांचा आकडा तसाच राहतो. तो वाचून एखादी होतकरू मुलगी अर्ज न करताच मागे फिरते, हे मात्र फार वाईट.

फास्टएपीआयची पहिली आवृत्ती आली डिसेंबर २०१८ मध्ये. ४ वर्षांचा अनुभव तेव्हा पृथ्वीतलावर कुणाकडेच नव्हता.