प्रोबायोटिक जिवाणू : हितकर कोणास, अहितकर कोणास?

ग्रहणी व अर्श या व्याधींत तक्र हे श्रेष्ठ पथ्य होय, हे वैद्यबंधूंना नव्याने सांगावयास नको. परंतु त्याच तक्राचा क्षत, दौर्बल्य, मूर्च्छा, दाह, रक्तपित्त व उष्णकाल यांत सुश्रुताचार्यांनी निषेध केला आहे. सांप्रत बाजारात मिळणाऱ्या प्रोबायोटिक पूरकांकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

वडनेर भोलजीसारख्या गावातही आता प्रतिजैविकांच्या गोळ्यांसोबत या जिवाणूंची पुडी रुग्णाच्या हाती पडते. ‘दह्यातलेच जंतू, त्यांचा अपाय कसला?’ असा सर्वसाधारण समज आढळतो. तो पूर्णतः खरा नाही.

नेदरलँड्समधील १५ रुग्णालयांत तीव्र स्वादुपिंडशोथाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोबायोटिक दिलेल्या १५२ रुग्णांपैकी २४, तर न दिलेल्या १४४ पैकी ९ दगावले. याउलट ओडिशातील ४,५०० हून अधिक निरोगी नवजात बालकांवरील चाचणीत (२०१७) जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. तेथे ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’ वापरला होता. बालके पुरेशा वजनाची व स्तनपान करणारी होती. अकाली जन्मलेल्या बालकांबाबत मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला. जिवाणूचा वाण आणि रुग्णाचे बल, या दोहोंवर फळ अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार जिवाणूची ओळख केवळ जातीपर्यंत नव्हे, तर विशिष्ट वाणापर्यंत, म्हणजे ‘स्ट्रेन’पर्यंत पटावी लागते. तो विष निर्माण करतो काय, रक्तकणांचा नाश करतो काय, हे तपासावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रतिजैविकांना दाद न देण्याचा त्याचा गुण आतड्यातील अन्य जंतूंकडे संक्रमित होणारा नसावा. असे वाण जतन करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या पुण्यातच आहे, ही समाधानाची बाब होय.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न उद्भवतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो. बीजाणू धारण करणारे ‘बॅसिलस’ वर्गातील जिवाणू उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस व बिफिडोबॅक्टेरियम सहसा तग धरत नाहीत. मृत जिवाणूंची पुडी म्हणजे रुग्णाच्या पैशाचा अपव्ययच.

म्हणून वैद्यबंधूंना आमची विनंती अशी : वेष्टनावर वाणाचे पूर्ण नाव, मुदत संपेपर्यंतची जिवंत जिवाणूंची संख्या, मात्रा व साठवणुकीची सूचना आहे की नाही, हे पाहावे. अतिदुर्बल, अतिदक्षता विभागातील, शिरेत नलिका असलेले, कर्करोगावर औषधे घेणारे रुग्ण व अकाली जन्मलेली बालके यांना ही पूरके आपल्या अधिकारात देऊ नयेत; संबंधित तज्ज्ञांचा विचार घ्यावा. पुडी घेतल्यावर ज्वर आला, तर ती थांबवून रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. ज्याचा अग्नी व बल उत्तम आहे, त्याला मात्र घरचे ताजे ताक, ऋतू पाहून, आजही पुरेसे आहे, असे आमचे मत आहे.