तबकडीवरचे नाव आणि आतला सूर

मैफलीत गायक समोर बसलेला असतो. तेथे त्याच्या नावाची खातरजमा करावी लागत नाही. ध्वनिमुद्रणाचे तसे नसते. बुलडाणा जिल्ह्यातील डोणगावसारख्या, मोठ्या सभागृहांपासून दूर असलेल्या गावातील रसिकाला तबकडीवर, कॅसेटवर किंवा सीडीवर छापलेल्या नावावरच विसंबावे लागते. तेच नाव खोटे निघाले तर?

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळात या नावाची विशेष काळजी घेतली जाई. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या तेव्हा जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील तंत्रज्ञांना गायिका ओळखता यावी, म्हणून गाण्याच्या अखेरीस त्या स्वतःचे नाव इंग्रजीतून सांगत.

अर्थात, वेगळे नाव म्हणजे फसवणूक नव्हे. रामभाऊ कुंदगोळकर 'सवाई गंधर्व' आणि शिवपुत्र कोमकली 'कुमार गंधर्व' म्हणून ओळखले गेले, ते लोकमान्यतेने. लता मंगेशकर यांनी 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३) या चित्रपटाला 'आनंदघन' या नावाने संगीत दिले, ते स्वेच्छेने. मात्र 'महल' (१९४९) चित्रपटातील त्यांच्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचेच नाव छापले गेले होते. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केल्यावर खऱ्या गायिकेचे नाव पुढे आले.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात हा प्रकार व्यापाराच्या पातळीवर गेला. करारांतून पळवाट काढण्यासाठी आणि एकच ध्वनिफीत अनेकदा विकण्यासाठी स्वस्त तबकड्यांच्या काही कंपन्यांनी संचालकांची व वाद्यवृंदांची काल्पनिक नावे छापली. त्याहून गंभीर प्रकरण ब्रिटिश पियानोवादक जॉइस हॅटो यांच्या नावाचे. त्यांच्या नावावर १०० हून अधिक सीडी प्रसिद्ध झाल्या व समीक्षकांनी त्यांची स्तुती केली. हॅटो २००६ मध्ये निवर्तल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांपैकी एक सीडी संगणकात घालताच तेथे लास्लो सिमोन या वादकाचे नाव उमटले. कारण सीडीवरील तुकड्यांच्या कालावधीवरून ध्वनिमुद्रण ओळखणारी सूची संगणकाला जोडलेली होती. ध्वनिलहरींच्या आलेखांची तुलना केल्यावर आणखी सीडींवरही इतरांचेच वादन असल्याचे सिद्ध झाले. काही ठिकाणी तर मूळ वादनाची गती बदलण्यात आली होती. हॅटो यांच्या पतीने, म्हणजेच सीडींच्या निर्मात्याने, अखेर कबुली दिली.

यातील खरी हानी पैशांपुरती नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षे साधना केली, त्यांचे वादन वाखाणले गेले. परंतु श्रेय दुसऱ्याच्या पदरी पडले. रसिकाची दाद योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचवण्याचे काम तबकडीवरचे ते लहानसे नावच करते. म्हणून मुद्रणाचे वर्ष, स्थळ आणि साथीदारांची नावे नोंदवलेली आहेत की नाहीत, हे पाहण्याची सवय रसिकांनी लावून घ्यावी.