अपंगत्व आणि कमाई : ‘घरीच असतो’ या उत्तराचा हिशेब



जनगणनेचा किंवा सरकारी पाहणीचा माणूस दारात येतो. ओट्यावर टेकतो, पाणी पितो आणि घरातल्या एकेकाचे नाव, वय, शिक्षण, धंदा लिहून घेतो. थोरल्याचे लिहून होते, सुनेचे लिहून होते. मग कुबडी टेकून उभ्या असलेल्या धाकट्याकडे बघून तो विचारतो, “आणि हे काय करतात?” घरातले कुणीतरी पटकन सांगून टाकते, “त्येचं काय न्हाई ओ. पायानं अधू हाय. घरीच असतोय.” गणक तसेच लिहून घेतो आणि पुढच्या घरी जातो.

आता हाच ‘घरीच असणारा’ गडी पहाटे उठून दोन म्हशींच्या धारा काढतो. डेअरीला दूध घालून येतो. लाईटच्या वेळा सांभाळून मोटार चालू-बंद करतो. ऊसनोंदीची, खताची, सोसायटीची सगळी कागदपत्रे त्याच्याच पिशवीत असतात. उद्या तो आठ दिवस पाहुण्याकडे गेला तर घरात ओढाताण सुरू होते. तरी कागदावर त्याचे काम शून्य! हा शून्य कसा तयार होतो, त्यात खरे किती आणि आपण केलेले किती, हे समजून घेण्यासाठी आजचा लेख.

(शासन आता ‘दिव्यांग’ हा शब्द वापरते. गावात अजून ‘अपंग’ म्हणतात. या लेखात दोन्ही शब्द आले आहेत. त्यात कमीपणा दाखवण्याचा हेतू नाही.)

मोजणारे कसे मोजतात?

रोजगाराची पाहणी करणारे लोक माणसांचे तीन गट करतात. पहिला गट काम करणाऱ्यांचा. दुसरा गट काम नाही, पण काम मागणाऱ्यांचा. यांनाच ते ‘बेकार’ म्हणतात. तिसरा गट यांपैकी कशातच नसलेल्यांचा. त्यात शिकणारी पोरे, म्हातारी माणसे, घरकाम करणाऱ्या बाया, आजारी माणसे असे सगळे येतात. बेकारीचे प्रमाण काढताना फक्त पहिले दोन गट धरतात. तिसरा गट त्या हिशेबात येतच नाही. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण खरी मेख इथेच आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत, म्हणजे जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये, देशभर अपंग व्यक्तींची पाहणी झाली. १५ वर्षे व त्यावरील अपंग व्यक्तींपैकी २२.८ टक्के काम करणारे निघाले. काम करणारे व काम मागणारे मिळून २३.८ टक्के भरले. बेकारी निघाली ४.२ टक्के. याच सुमारास, २०१८-१९ मध्ये, सर्वसाधारण लोकांची जी श्रमबल पाहणी झाली, तिच्यात १५ वर्षांवरील ४७.३ टक्के लोक कामात होते, काम करणारे व मागणारे मिळून ५०.२ टक्के, आणि बेकारी ५.८ टक्के.

नुसता बेकारीचा आकडा वाचणारा म्हणेल, वा! अपंगांची बेकारी इतरांहून कमी. म्हणजे त्यांचे बरे चालले आहे. पण हाच हिशेब हजार माणसांचा करून बघा. हजार अपंग व्यक्तींत कामावर २२८, काम मागणारे जेमतेम १० आणि दोन्हीत नसलेले ७६२. बेकारी कमी दिसते ती कामे मिळाली म्हणून नव्हे. बहुतेकांनी काम मागणेच सोडले आहे, किंवा त्यांनी ते कधी मागावे असे कुणाला वाटलेच नाही, म्हणून ती कमी दिसते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अपंग व्यक्तींत म्हाताऱ्यांचे प्रमाण जास्त असते, कारण वयानुसार डोळे, कान, गुडघे जातातच. ज्यांना खरोखर काही करणे शक्य नाही अशी माणसेही या ७६२ मध्ये आहेत. तेव्हा सगळाच फरक अन्यायाचा म्हणता येणार नाही. पण २५-३० वर्षांचा, एका हाताने किंवा एका पायाने अधू, बाकी धडधाकट असा तरुणही याच गटात बसलेला असतो, आणि आपला प्रश्न त्याच्याविषयी आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात हा आकडा २९ लाख ६३ हजारांवर होता. देशातल्या दर शंभर अपंगांपैकी ६९ खेड्यांत राहणारे. सर्व वयांचे धरून अपंग पुरुषांपैकी ४७ टक्के कामात होते, तर स्त्रियांपैकी फक्त २३ टक्के. अधू पायाचा मुलगा निदान दुकानात तरी बसतो. अधू पायाच्या मुलीला घराबाहेर पाठवायचे कुणाच्या मनातही येत नाही. आणि जे अपंग कामात होते त्यांतले ३१ टक्के शेतमजूर होते. ज्याला अंगमेहनत सर्वांत जड, त्याच्या वाट्याला अंगमेहनतीचेच काम! कारण गावात दुसरे काम त्याच्यासाठी कुणी शोधलेलेच नसते.

हात गेला म्हणजे किती गेले?

१९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात एक यादी होती. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरायचे. दुसरा डोळा चांगला असून एक डोळा गेला तर ४० टक्के. एक हात पंजासकट गेला तर ६० टक्के. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशा दुखापतींची यादी घेतलेली आहे. भरपाईचा हिशेब करायला कुठेतरी आकडा लागतो, म्हणून यादी सोयीची. पण ती माणसाचा धंदा विचारत नाही.

१९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ओरिसातले एक प्रकरण आले होते. सिनेमागृहात सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. यादीप्रमाणे एक हात गेल्याला शंभराच्या खालीच टक्के बसत होते. न्यायालयाने विचार असा केला की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून सुतार म्हणून हा माणूस कामातून पुरता गेला; नुकसान शंभर टक्के धरले पाहिजे. पुढे २०१० साली अपघात भरपाईच्या दुसऱ्या एका प्रकरणात याच न्यायालयाने हे आणखी उलगडून सांगितले. डावा हात गेला तर शरीराचे अपंगत्व सुमारे ६० टक्के मानतील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ सगळीच गेली. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित तशीच चालू राहील.

म्हणजे बघा, हात तोच, जखम तीच. एकाची कमाई सगळी जाते आणि दुसऱ्याची जात नाही. डॉक्टर दाखल्यावर लिहितात ती शरीराची टक्केवारी. कमाईची टक्केवारी ठरते ती कामावर. आणि हे खरे असेल तर उलटेही खरे आहे : काम बदलले, कामाची जागा किंवा अवजार बदलले, तर गेलेल्या कमाईतली बरीचशी परत आणता येते. गेलेला हात परत येत नाही. काम मात्र आणता येते, आणि ते आणणे माणसांच्या हातात असते.

आपल्या उसाच्या धंद्यात

ऊसतोडीचे उदाहरण घ्या. तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. नवऱ्याच्या हाताला कोयता लागून बोटे गेली किंवा मोळी चढवताना फळीवरून पडून पाय मोडला, तर एकट्या माणसाची मजुरी बुडत नाही. पुरा कोयताच मोडतो. बायको धडधाकट असूनही एकटीला तोड मिळत नाही आणि डोक्यावर उचल तशीच राहते. एकाच्या अपंगत्वाने दोघांचे काम जाते, ते कामाच्या बांधणीमुळे.

शेतावरही असेच. कडबाकुट्टीत पोराचा हात जातो. दवाखाना होतो, पैसा जातो, जखम भरते. शेती तो करू शकणार नाही असे सगळे ठरवून टाकतात आणि पुढे त्याला कुणी काही विचारतच नाही. वर्षा-दोन वर्षांनी तो स्वतःही विचारीनासा होतो.

पण सगळे काम काही कोयत्याचे आणि मोळीचे नसते. कारखान्याकडेच बघा. गव्हाणीवर, मिलमध्ये, बॉयलरवर हातपाय चपळ लागतात, हे मान्य. वजनकाट्यावर मात्र पायाने अधू माणूस तितकेच चोख काम करतो. टाइम ऑफिस, गोदामाची नोंद, प्रयोगशाळेतले नमुने, गट ऑफिसमधली ऊसनोंद आणि तोडणी पाळीचे काम, टेलिफोनवरची चौकशी, अशी कितीतरी कामे आहेत की ज्यांत नजर, कान, अक्षर आणि विश्वास लागतो. चार अवयव मोजून घ्यावे लागत नाहीत. कानाने ऐकू न येणाऱ्याला आकड्यांचे काम अडत नाही. दृष्टी नसलेला माणूस आता बोलणाऱ्या मोबाईलवर कागदपत्र ऐकून काम करतो. अडते ते बहुधा पायऱ्यांपाशी, संडासापाशी, उंच टेबलापाशी आणि आपल्या मनापाशी.

साधनाचा फरक किती पडतो ते ‘जयपूर फूट’ने दाखवले आहे. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी हा रबरी पाय घडवला. १९८१ साली डॉक्टर सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी धर्तीच्या कृत्रिम पायाला बूट लागे, त्यावर उकिडवे बसता येत नसे आणि चिखलात तो टिकत नसे. तो पाय ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्याचा होता. जयपूरचा पाय अनवाणी चालतो, ओल्या रानात चालतो, त्यावर उकिडवे बसून भांगलण करता येते. माणूस काय काम करतो हे आधी विचारले, म्हणून साधन उपयोगी पडले.

कायदा काय म्हणतो?

१९९५ च्या कायद्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. अपंगत्वाचे २१ प्रकार त्यात आहेत. शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत; त्यासाठी अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असावे लागते. नोकरीत असताना अपंगत्व आले तर शासकीय आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत झेपेल ते दुसरे काम द्यावे लागते.

“हे सरकारचे झाले, आपला काय संबंध?” असे कुणी म्हणेल. संबंध आहे. या कायद्यात खाजगी आस्थापनेची व्याख्या करताना सहकारी संस्था आणि कारखाना यांचा नावाने उल्लेख आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण लिहून जाहीर करायचे आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनेने कोणती कामे दिव्यांगांना योग्य आहेत आणि त्यांच्यासाठी कोणत्या सोयी आहेत, तेही त्या धोरणात सांगायचे आहे. वार्षिक सभेत भावाचा आणि रिकव्हरीचा प्रश्न सभासद विचारतातच. हा प्रश्नही विचारण्याचा त्यांना तितकाच हक्क आहे.

आता घरच्या बाजूचे. २०१८ च्या पाहणीत अपंगत्वाचा दाखला असलेले लोक शंभरात २९ सुद्धा भरले नाहीत. दाखला नाही तर राखीव जागा नाही आणि बऱ्याच योजनांचा लाभही नाही. सरकारी रुग्णालयातून मिळणारा दाखला आणि वैश्विक ओळखपत्र यांसाठी अर्ज संगणकावर भरता येतो. गावातल्या एखाद्या शिकल्या मुलाने बसून गल्लीतले चार अर्ज भरून दिले तरी मोठे काम होईल.

काही घरांत वेगळीच भीती असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणून “कमवतो म्हणून सांगितलं आन् पगार बंद झाला तर?” असे वाटते. योजनेच्या अर्जावर खरे तेच लिहावे लागते, त्यात पळवाट नाही. पण जनगणनेचे तसे नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने तिथली घराघराची माहिती गुप्त ठेवली जाते. ती कुणाला बघायला मिळत नाही आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. २०२१ ची लांबलेली जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून घेण्याचे शासनाने ठरवले आहे. तिथे दिलेल्या उत्तराने कुणाचे अनुदान बंद पडत नाही. मात्र खोट्या ‘काही नाही’मुळे आपल्या भागात किती अपंग काम करतात आणि किती करू इच्छितात, हेच कागदावरून पुसले जाते. मग योजना आखणारा तरी कशावरून आखणार?

तेव्हा सभासदांना विनंती एवढीच. घरात किंवा भावकीत असा कुणी असेल तर एकदा त्याच्याजवळ बसून विचारा, “तुला काय करता येईल आणि त्याला काय लागेल?” दाखला नसेल तर काढून द्या. त्याच्या दुधाचे पैसे त्याच्या नावाच्या खात्यात जमा होऊ द्या. मुलगी असेल तर हे सगळे तिच्या बाबतीतही करा. आणि गणक दारात आला की घरातल्या दुसऱ्या कुणी उत्तर देण्याआधी त्यालाच पुढे करा. वर्षभर घरच्या शेतात बिनपगारी मदत केली तरी ते मोजणीत कामच धरतात.

“काय करता?” असे विचारल्यावर त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे, “दोन म्हशी आहेत. डेअरीला दूध घालतो. उसाचं पाणी मी बघतो.”